एक डॉलर आणि वाचकाचा शब्द : स्टीफन किंग आणि ई-पुस्तकांची पंचवीस वर्षे

(थ्रेड)

१/
२४ जुलै २००० रोजी एका लेखकाने आपल्या संकेतस्थळावर कादंबरीचा पहिला भाग ठेवला. मध्ये प्रकाशक नव्हता आणि फाइलला कुलूपही नव्हते. पैसे न देताही ती डाउनलोड करता येत होती. अट एवढीच होती की प्रत्येकाने आपण होऊन एक डॉलर द्यावा. शंभरांतल्या पंचाहत्तर जणांनी दिला तर कथा पुढे चालेल, न दिल्यास ती तिथेच थांबेल. हा लेखक म्हणजे भयकथांचा बादशहा स्टीफन किंग.

२/
पाच महिन्यांत हा प्रयोग थांबला. कोणी त्याला फसलेला डाव म्हटले, तर कोणी काळाच्या पुढचे पाऊल. त्याचा खरा अर्थ लागण्यासाठी मात्र किंगचा पन्नास वर्षांचा व्यावसायिक प्रवास पाहावा लागतो. टंकलेखन यंत्र, पेपरबॅक, वर्ड प्रोसेसर, ई-पुस्तक आणि कृत्रिम बुद्धिमत्ता असे सगळे टप्पे या एका लेखकाने जवळून पाहिले. नवे यंत्र आले की लेखक आणि वाचक यांच्यामधला मध्यस्थ खरोखर दूर होतो का, हा प्रश्न या प्रवासात पुन्हा पुन्हा समोर येतो.

३/
किंगचा जन्म २१ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेच्या मेन राज्यातील पोर्टलंड येथे झाला. १९७०च्या दशकाच्या आरंभी तो एका शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि पत्नी टॅबिथा व दोन मुलांसह ट्रेलरमध्ये राहत असे. खर्च परवडेना म्हणून घरातला टेलिफोनही काढून टाकलेला होता. ‘कॅरी’ या कादंबरीची सुरुवातीची पाने त्याने कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती. ती टॅबिथाने बाहेर काढली, वाचली आणि पुढे लिहायला लावले. डबलडे या प्रकाशनसंस्थेने ती स्वीकारली, तेव्हा आगाऊ रक्कम मिळाली २,५०० डॉलर.

४/
या रकमेवर नोकरी सोडता येत नव्हती. खरी कलाटणी मिळाली मे १९७३ मध्ये. ‘कॅरी’चे पेपरबॅक हक्क न्यू अमेरिकन लायब्ररीने ४ लाख डॉलरना घेतले. करारानुसार त्यातली निम्मी रक्कम मूळ प्रकाशकाची आणि निम्मी, म्हणजे २ लाख डॉलर, लेखकाची. त्यानंतर किंग पूर्णवेळ लेखक झाला.

५/
पेपरबॅकचे महत्त्व इथे ध्यानात घेण्याजोगे आहे. कापडी बांधणीचे महाग पुस्तक ग्रंथालयात आणि ग्रंथदालनात जाई. स्वस्त पेपरबॅक मात्र औषधांच्या दुकानांत, विमानतळांवर, बसथांब्यांवर विकले जाई. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा आणि प्रणयकथा लिहिणाऱ्यांचा चरितार्थ प्रामुख्याने याच बाजारावर चाले. समीक्षकांनी या प्रकारांकडे पाठ फिरवली तरी स्वस्त प्रतींचा खप त्यांना तगवून धरी. ‘स्वस्त प्रत म्हणजे मोठा वाचकवर्ग’ हे गणित ई-पुस्तकाने शोधून काढलेले नाही. ते त्याला पेपरबॅककडून वारशाने मिळाले.

६/
मराठी वाचकाला हे गणित अनोळखी नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक रहस्यकथा अशाच स्वस्त पुस्तिकांमधून घरोघरी पोहोचल्या. किंगच्या कथाही मराठीत आल्या, पण बहुतेकांना त्या आल्याचे कळलेच नाही. नारायण धारपांनी त्याची काही कथाबीजे मराठी मातीत रुजवली. किंगच्या ‘ग्रॅमा’वरून धारपांची ‘आजी’ आली आणि त्या कथेचा धागा पुढे २०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटापर्यंत पोहोचला. वाचनालयातून धारप घरी नेणारे कित्येक वाचक नकळत किंगच वाचत होते.

७/
१९८०च्या दशकाच्या आरंभी किंगच्या टेबलावर वँग कंपनीचा वर्ड प्रोसेसर आला. त्या काळी ही चैन मोटारगाडीइतकी महाग होती. या यंत्राने त्याला एक कथाही सुचवली. जानेवारी १९८३ मध्ये ‘प्लेबॉय’ मासिकात प्रसिद्ध झालेल्या त्या कथेत, यंत्रावर टंकलेले वाक्य प्रत्यक्ष जगात खरे होते आणि पुसलेली गोष्ट जगातून नाहीशी होते. लेखनाचे साधन आणि लेखनाचा विषय यांची ही सरमिसळ किंगच्या आयुष्यात पुढेही दिसते.

८/
१९९६ मध्ये त्याने जुन्या प्रथेला हात घातला. एकोणिसाव्या शतकात डिकन्सच्या कादंबऱ्या भागाभागांनी निघत. त्याच धर्तीवर ‘द ग्रीन माइल’ मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांत सहा छोट्या पेपरबॅक पुस्तिकांतून आली. एका टप्प्यावर हे सहाही भाग एकाच वेळी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत होते. पुढच्या भागासाठी थांबायला आणि प्रत्येक वेळी थोडे पैसे मोजायला वाचक तयार असतो, हे यातून दिसले. मात्र या प्रयोगामागे प्रकाशकाची संपूर्ण यंत्रणा उभी होती, हे विसरून चालणार नाही.

९/
१९ जून १९९९ रोजी मेनमधील लव्हेल गावाजवळ रस्त्याच्या कडेने चालत असताना एका व्हॅनने किंगला उडवले. पाय, कंबर आणि बरगड्या मोडल्या, फुप्फुसाला इजा झाली. बरे होताना यंत्रासमोर बसणे असह्य होई. म्हणून नोव्हेंबर १९९९ ते मे २००० या काळात ‘ड्रीमकॅचर’ ही प्रदीर्घ कादंबरी त्याने शाईच्या पेनाने वहीत लिहिली. ई-पुस्तकाचा इतिहास ज्याच्या नावाने सुरू होणार होता, तो लेखक त्याच महिन्यांत हाताने कागदावर लिहीत होता.

१०/
१४ मार्च २००० रोजी सायमन अँड शूस्टरने त्याची ‘रायडिंग द बुलेट’ ही सुमारे १६ हजार शब्दांची दीर्घकथा प्रसिद्ध केली. ती केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात होती आणि किंमत होती अडीच डॉलर. काही विक्रेत्यांनी तर ती फुकटच दिली. पहिल्या २४ तासांत सुमारे ४ लाख प्रतींची मागणी नोंदली गेली आणि विक्रेत्यांचे सर्व्हर अडखळले. ई-वाचनाची सोयीस्कर उपकरणे तोवर लोकांच्या हाती नव्हती. बहुतेकांनी ही कथा टेबलावरच्या संगणकाच्या पडद्यावर वाचली.

११/
या फाइलला सांकेतिक कुलूप होते. काही दिवसांतच ते फोडले गेले आणि मोफत प्रती फिरू लागल्या. प्रकाशनव्यवसायाने यातून धडा घेतला तो अधिक भक्कम कुलपाचा. किंगने नेमका उलटा निष्कर्ष काढला. कुलूप फुटणारच असेल, तर ते लावायचेच कशाला? त्याने ‘द प्लांट’ ही कादंबरी कुलपाविना आणि प्रकाशकाविना थेट वाचकांसमोर ठेवण्याचे ठरवले.

१२/
‘द प्लांट’चा जन्म मुळात भेटवस्तू म्हणून झाला होता. १९८२, १९८३ आणि १९८५ च्या नाताळात किंगने तिचे भाग स्वतःच्या फिलट्रम प्रेस या छोट्या छापखान्याच्या नावाने छापून मित्रांना पाठवले होते. पत्रांतून उलगडणारी ही कथा एका डबघाईला आलेल्या पेपरबॅक प्रकाशनसंस्थेची आहे. हस्तलिखित नाकारले गेल्याने चिडलेला एक विक्षिप्त लेखक संपादकाला एक वेल पाठवतो. ती वेल कार्यालयात फोफावते, संस्थेला यश देते आणि मोबदल्यात रक्त मागते.

१३/
पहिल्या आठवड्यात सुमारे दीड लाख डाउनलोड झाले आणि त्यांपैकी ७६ टक्क्यांचे पैसे आले. पैसे स्वीकारण्याची व्यवस्था ॲमेझॉनकडे होती. मोठ्या प्रकाशनसंस्थांची झोप उडवण्याची संधी आपल्याला चालून आली आहे, असे किंगने वाचकांना उत्साहाने कळवले. संगीतक्षेत्रात नॅपस्टरवरून फुकट गाण्यांचा वाद पेटलेला असताना तीन चतुर्थांश लोकांनी स्वेच्छेने पैसे द्यावेत, ही गोष्ट आजही विचार करायला लावणारी आहे.

१४/
ऑक्टोबरमधल्या चौथ्या भागापासून उतार लागला. तो भाग मोठा होता आणि किंमत दोन डॉलर करण्यात आली होती. पैसे देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांवर घसरले आणि एकूण डाउनलोडही कमी झाले. नोव्हेंबरमध्ये किंगने काम थांबवत असल्याचे जाहीर केले. डिसेंबरमधला सहावा भाग त्याने सर्वांना मोफत दिला. कादंबरी आजवर अपुरी आहे.

१५/
आता हिशेब पाहू. किंगने तो स्वतःच जाहीर केला होता. जमा सुमारे ७ लाख २१ हजार डॉलर आणि खर्च वजा जाता नफा सुमारे ४ लाख ६३ हजार डॉलर. अपुऱ्या कादंबरीवर एवढी कमाई झाली असेल, तर त्याला तोटा म्हणता येणार नाही. पण दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, वाचकाचा प्रामाणिकपणा अफाट असला तरी तो दर महिन्याला नव्याने मागावा लागतो. दोन, या खर्चात जाहिरातींचा वाटा मोठा होता. किंगसारख्या नावालाही लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी पैसा ओतावा लागला. अनोळखी लेखकाला हा मार्ग जवळपास बंदच होता.

१६/
ही अडचण सात वर्षांनी ॲमेझॉनने स्वतःच्या पद्धतीने सोडवली. १९ नोव्हेंबर २००७ रोजी ३९९ डॉलर किमतीचे किंडल बाजारात आले. उपकरण, दुकान, पैसे घेण्याची सोय आणि फाइलचे कुलूप हे सारे एकाच कंपनीच्या हाती आले. एका बटणात पुस्तक विकत मिळू लागले आणि प्रामाणिकपणाचा प्रश्नच उरला नाही. ९ फेब्रुवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या किंडलचे अनावरण झाले. तेव्हा जेफ बेझोससोबत मंचावर स्टीफन किंग होता.

१७/
त्या निमित्ताने त्याने खास किंडलसाठी ‘उर’ ही दीर्घकथा लिहिली. कथेतल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाकडे गुलाबी रंगाचे किंडल येते. त्या काळी किंडल फक्त पांढऱ्या रंगात मिळे. त्या उपकरणात समांतर विश्वांमधली पुस्तके मिळतात, म्हणजे हेमिंग्वेने आपल्या जगात कधीच न लिहिलेल्या कादंबऱ्याही. जाहिरातीसाठी लिहिलेल्या कथेतही उपकरण भीतिदायकच ठरावे, हे किंगच्या स्वभावाला धरूनच झाले.

१८/
खरी भीती त्याच वर्षी जुलैत दिसली. ज्या विक्रेत्याकडे अमेरिकेतले हक्क नव्हते, त्याने विकलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या प्रती ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून दूरस्थपणे पुसून टाकल्या. पैसे परत मिळाले आणि बेझोसने माफीही मागितली. तरी प्रश्न उरलाच. कपाटातले छापील पुस्तक परत न्यायला विक्रेता घरात शिरू शकत नाही. विकत घेतलेले ई-पुस्तक मात्र वाचकाच्या पूर्ण मालकीचे नसते, हे या घटनेने सर्वांना दाखवून दिले.

१९/
यानंतर किंग छापील पुस्तकाच्या बाजूने उभा राहताना दिसतो. नोव्हेंबर २००९ मध्ये आलेल्या ‘अंडर द डोम’ची छापील किंमत ३५ डॉलर होती. वॉलमार्ट आणि ॲमेझॉनच्या स्पर्धेत ती नऊ डॉलरच्या आसपास विकली जाऊ लागली. तिची ई-आवृत्ती २४ डिसेंबरपर्यंत रोखून धरण्यात आली, जेणेकरून ग्रंथविक्रेत्यांना काही आठवडे मिळावेत. २०१३ मध्ये ‘जॉयलंड’ तर केवळ पेपरबॅकमध्ये निघाली. वाचकांनी पुस्तकाच्या दुकानाची पायरी चढावी, ही त्यामागची इच्छा होती. डिजिटल हक्क किंगने स्वतःकडे ठेवले होते, म्हणूनच हा निर्णय तो घेऊ शकला.

२०/
नवोदितांची परिस्थिती वेगळी होती. ३० जून २०१० पासून ॲमेझॉनने २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या स्वयंप्रकाशित ई-पुस्तकांवर ७० टक्के रॉयल्टी सुरू केली. पारंपरिक प्रकाशक ई-पुस्तकाच्या निव्वळ उत्पन्नातले साधारण २५ टक्के देत. प्रकाशकांनी वारंवार परत पाठवलेल्या अमांडा हॉकिंगने तरुणांसाठीच्या अद्भुतकथांवर लाखो वाचक मिळवले. ह्यू हावीची ‘वूल’ ही विज्ञानकथा जुलै २०११ मध्ये एका लहान कथेपासून सुरू झाली. अँडी वीअरने ‘द मार्शियन’ आधी आपल्या संकेतस्थळावर प्रकरणाप्रकरणाने मोफत दिली आणि नंतर किंडलवर ९९ सेंटला ठेवली.

२१/
या तिघांची पुढची वाट पाहण्यासारखी आहे. हॉकिंगने मार्च २०११ मध्ये चार पुस्तकांसाठी सेंट मार्टिन्स प्रेसशी २० लाख डॉलरहून अधिक रकमेचा करार केला. मुखपृष्ठे, संपादक आणि ई-मेल यांतच वेळ जात असल्याने तिला लिहायला सवड मिळत नव्हती. वीअरही प्रकाशकाकडे गेला. हावीने सायमन अँड शूस्टरला फक्त छापील हक्क दिले आणि ई-हक्क स्वतःकडे ठेवले. तिघांची उत्तरे वेगवेगळी होती, कारण कोणते काम आपण करायचे आणि कोणते दुसऱ्याकडे सोपवायचे, हा निर्णय प्रत्येकाचा वेगळा होता.

२२/
२०१४ मध्ये ई-पुस्तकांच्या अटींवरून ॲमेझॉन आणि हॅशेट यांच्यात जुंपली. हॅशेटच्या लेखकांची पुस्तके उशिरा पोहोचू लागली. ऑगस्टमध्ये ९०० हून अधिक लेखकांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पानभर जाहिरातीद्वारे निषेध केला. सह्या करणाऱ्यांत किंग होता. उलट बाजूने हावी आणि इतर स्वयंप्रकाशित लेखकांनी ॲमेझॉनची पाठराखण करणारे निवेदन काढले. दोन्ही बाजूंना रंजकसाहित्याचेच लेखक होते. ज्याला ज्या दाराने आत प्रवेश मिळाला, त्याने त्या दाराची बाजू घेतली.

२३/
त्याच जुलैत ‘किंडल अनलिमिटेड’ सुरू झाले. तेव्हा महिना ९.९९ डॉलर भरले की हवे तेवढे वाचता येई. वर्षभराने, जुलै २०१५ पासून, लेखकांना वाचलेल्या पानांच्या संख्येनुसार पैसे मिळू लागले. पानामागचा दर सेंटच्या अर्ध्याच्या आसपास राहिला आणि तो दरमहा कंपनी ठरवू लागली. साहजिकच लांबलचक मालिका, भरभर येणारे पुढचे भाग आणि प्रकरणाच्या शेवटी टांगून ठेवलेली उत्सुकता यांना भाव आला. डिकन्सच्या काळातले ‘पुढील अंकी चालू’ नव्या हिशेबाने परत आले.

२४/
२ ऑगस्ट २०२२ रोजी किंग वॉशिंग्टनच्या न्यायालयात साक्षीला उभा राहिला. पेंग्विन रँडम हाउस २१७.५ कोटी डॉलरना सायमन अँड शूस्टर विकत घेऊ पाहत होते आणि अमेरिकन सरकारने त्याला आव्हान दिले होते. सायमन अँड शूस्टर हे किंगचे स्वतःचे प्रकाशक. तरी त्याने या विलीनीकरणाविरुद्ध साक्ष दिली. प्रकाशक कमी झाले की हस्तलिखितासाठी बोली लावणारे कमी होतात आणि नव्या लेखकाला तग धरणे कठीण जाते, हा त्याच्या म्हणण्याचा गाभा होता. ३१ ऑक्टोबरला न्यायालयाने विलीनीकरण रोखले. पुढच्या वर्षी ती संस्था १६२ कोटी डॉलरना केकेआर या गुंतवणूक कंपनीकडे गेली.

२५/
ऑगस्ट २०२३ मध्ये आणखी एक वळण आले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरलेल्या ‘बुक्स३’ या संचात १ लाख ७० हजारांहून अधिक पुस्तके असल्याचे ‘द अटलांटिक’ने उघड केले. किंगची पुस्तकेही त्यात होती. त्याच नियतकालिकात त्याने लिहिले की, शक्य असते तरी आपण यावर बंदी घातली नसती. भरतीला थोपवता येत नाही. पुढच्याच महिन्यात जॉन ग्रिशम, जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्यासह अनेक लेखक आणि ऑथर्स गिल्ड ही संघटना न्यायालयात गेली. त्याच सुमारास ॲमेझॉनने एका लेखकाला दिवसाला जास्तीत जास्त तीनच नवी पुस्तके प्रकाशित करण्याची मर्यादा घातली.

२६/
सारांश असा. पेपरबॅक असो, संकेतस्थळ असो की किंडल, प्रत्येक साधनाने लेखक आणि वाचक यांच्यातले अंतर कमी करण्याचे आश्वासन दिले आणि काही अंशी ते पाळलेही. टोलनाका मात्र प्रत्येक वेळी उरलाच, फक्त त्यावर बसणारा बदलला. किंगला या नाक्यांवर घासाघीस करता आली, कारण त्याच्यापाशी आधीच कोट्यवधी वाचक होते आणि हक्क स्वतःकडे ठेवण्याची ताकद होती. ज्यांच्यापाशी ती नाही, त्यांच्यासाठी करारातल्या हक्कांच्या कलमाला नव्या उपकरणाहून अधिक महत्त्व आहे. मराठीत ई-पुस्तक किंवा श्राव्यपुस्तकाचा करार करणाऱ्या प्रत्येक लेखकाने ते कलम दोनदा वाचावे.

२७/
आणि २००० सालच्या त्या आठवड्यात कुलूप नसतानाही शंभरांतल्या शहात्तरांनी डॉलर दिला होता, हेही नोंदवून ठेवावे. पुढे उभ्या राहिलेल्या बहुतेक व्यवस्था उरलेल्या चोवीस जणांना समोर ठेवून बांधल्या गेल्या.

(समाप्त)